हळबे सरांची शिट्टी

हळबे सर बर्फावर घसरणाऱ्या स्लेजला बांधलेले होते आणि स्लेज सुटली होती. हात अंगाशी आवळलेले, पाय आवळलेले, तोंडात शिट्टी. थंडीने दातखीळ बसलेली, त्यामुळे ती शिट्टी तोंडातून सोडताही येईना. घाबरलेला माणूस आखूड आखूड श्वास टाकतो. सरांच्या दर श्वासाला शिट्टी वाजत होती. पीप, पीप, पीप, पीप.

आमच्या स्काउट पथकात आखूड शिट्ट्यांचा अर्थ एकच होता. असाल तिथून सरांकडे पळत या आणि त्यांच्या पुढ्यात अर्धगोल करून उभे राहा.

पोरं पळत आली. उताराच्या पायथ्याशी पंधरा जण होते, ते सगळे थेट स्लेजच्या वाटेवर येऊन उभे राहिले. ताठ. हात शिवणीला. सगळ्यांत लहान तनू बरोबर मधे, कारण ठेंगण्यांनी मधे उभं राहायचं हा सरांचाच नियम. वरून दोन माणसांच्या वजनाची स्टीलची स्लेज, तिच्यावर सर, आणि खाली ही पंधरा पोरं पाहुण्यांच्या स्वागताला उभं राहावं तशी.

मी बाजूच्या कठड्यापाशी साडीवर भाड्याचं निळं जाकीट घालून उभी होते. माझ्या शेजारी देशमाने मॅडम मोबाइल धरून शूटिंग करत होत्या. त्यांचा अर्णव त्या अर्धगोलात होता. त्या ओरडल्या, "अर्णव, मूव्ह! बाजूला हो!" मी ओरडले, "रेवा, मर तिकडे, हो बाजूला!" रेवा माझी नात. दोघांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिट्टी चालू असताना आई आणि आजी यांना काही किंमत नसते, हेही सरांनीच शिकवलेलं.

दुबईतल्या एका मॉलमधली ही गोष्ट. बाहेर वाळवंट आणि आत बर्फाचा डोंगर, असं तिथे आहे. का आहे ते मला विचारू नका.

हळबे सर अजमानला आमच्याच मजल्यावर राहत. आठवडाभर ते तिकडे मुसफ्फ्याला, अबुधाबीच्या बाजूला, एका कारखान्यात. तिथे हॉटेलांच्या जिन्यांचे कठडे बनतात. सर त्यांची ड्रॉइंग काढत. शुक्रवारी कंपनीच्या गाडीने घरी येत आणि शनिवारी सकाळी साडेसहाला खाकी अर्धी चड्डी, गळ्यात रुमाल, रुमालावर शिट्टी अशा थाटात लिफ्टपाशी उभे. वय अठ्ठावन्न. गुडघे असे की बघणाऱ्यानेच नजर दुसरीकडे न्यावी. माझी सून पहिल्यांदा त्यांना लिफ्टमध्ये बघून उलट पावली घरात आली होती. म्हणाली, "आई, लिफ्टमध्ये एक मोठा मुलगा उभा आहे."

माझी त्यांची ओळख झाली ती दारातच. मी नुकतीच मुलाकडे राहायला आले होते. बेल वाजली, दार उघडलं, तर नमस्कार नाही, नाव नाही.

"आजी, तुम्हाला मोळी बांधता येते?"

"दहा वर्षांची असल्यापासून."

"पोरांना शिकवाल?"

"मी चौथी पास आहे."

"मी डिप्लोमा आहे. मला मोळी बांधता येत नाही. आता आपल्या दोघांत शाळेत परत कोणी जायचं, तुम्हीच सांगा."

म्हणून मी पुढच्या शनिवारी गेले. अजमानात लाकूडफाटा कुठला? मॉपचे दांडे, पडद्यांच्या नळ्या, कुणाच्या तरी मोडक्या पाळण्याच्या पट्ट्या, असं गोळा करून मोळ्या बांधल्या. मोळीची गाठ साधी असते. आतला भार जितका हलेल तितकी ती आवळते. सुटायची असेल तर भार वर उचलायचा, मग ती आपोआप सैल पडते. डोंगर उतरताना मोळी सुटली तर सगळी मेहनत दरीत जाते, म्हणून ती तशी. रेवाने दोनदा ओढून बघितली आणि म्हणाली, "ओके, सो इट्स लाइक अ सीटबेल्ट." सर खूश. त्यांनी स्वतः ती नऊ वेळा बांधून बघितली आणि नऊही वेळा चुकले. दहाव्यांदा मी त्यांच्या हातावर चापट मारली. पोरं गडाबडा लोळली. सर त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले.

सरांना गाठींचं वेड होतं. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, घरच्या पडद्याला गाठ, भाजीच्या पिशवीला गाठ. एकदा माझ्या मुलाने बिर्याणीचं पार्सल त्यांच्याकडे ठेवायला दिलं, ते परत घेतलं तेव्हा सोडवायला आम्हाला वीस मिनिटं लागली. "आधी गाठ, मग गप्पा," हे त्यांचं बोलणं. कुणी नवीन पालक फोनवर लांबण लावू लागला की सर एवढंच म्हणत आणि फोन ठेवत.

दुसरं वेड म्हणजे रोज एक चांगलं काम. पोरांनी रोज न सांगता कुणाचं तरी भलं करायचं आणि शनिवारी येऊन सांगायचं. त्यात आमच्या इमारतीची पुरती वाट लागली. कुणी लिफ्टमध्ये शिरला की चार पोरं त्याच्यासाठी चार मजल्यांची बटणं दाबत. एकदा त्यांनी खालच्या लॉबीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं ठरवलं. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतल्या. झाडं प्लास्टिकची होती. पाणी खाली गाडीतळात झिरपलं आणि तिथली वीज गेली. मालकाचा माणूस लालबुंद होऊन आला. "मिस्टर, दिस इज प्लास्टिक! प्लास्टिक!" सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत सांगितलं, "बच्चों ने पानी डाला, यह सच है. पेड़ झूठा निकला, उसमें बच्चों का क्या दोष?" तो माणूस उघड्या तोंडाने परत गेला. सरांनी पोरांना मात्र तीन शनिवार ते गाडीतळ पुसायला लावलं. स्वतःही पुसलं.

आणि शिट्टी. आखूड आखूड फुंकली की जवळ या. लांब लांब फुंकली की पांगा. याची तालीम सर मैदानावर इतकी घेत की मला झोपेत ऐकू येई. शेजारी पाकिस्तानी ड्रायव्हर लोक क्रिकेट खेळत. एकदा सरांनी आखूड शिट्टी फुंकली, आमची पोरं त्यांच्या खेळातून आडवी पळत आली आणि मागोमाग त्यांचा एक दाढीवाला फिल्डरही आला. अर्धगोलात ताठ उभा राहिला. झेल सुटला म्हणून त्याचे लोक शिव्या घालत होते. तो म्हणाला, "क्या करूं, स्कूल में स्काउट था. पांव अपने आप आ गए." सरांनी त्याला सलाम ठोकला. मला म्हणाले, "आजी, हे बघा. हे आयुष्यभर जात नाही." त्या दिवशी ते घरी चालत नव्हते, उड्या मारत होते.

पण पालकांना हे पटेनासं झालं होतं. देशमाने मॅडम पालकांच्या ग्रुपच्या मुख्य. बँकेत मोठ्या जागेवर. बाई वाईट नव्हती, घाईत होती. बर्फावर स्काउट पथकांची स्पर्धा होणार होती, तिच्या महिनाभर आधी त्या आमच्या शनिवारच्या हॉलवर आल्या. मी मागे खुर्चीवर बसले होते.

"सर, वाईट वाटून घेऊ नका."

"नाही घेत."

"चार वर्षं झाली. आउटपुट काय आहे? मुलं गाठी बांधतात."

"चांगल्या बांधतात."

"सर, प्लीज. एप्रिलपासून हा शनिवारचा हॉल कोडिंगच्या क्लासला द्यायचा असं सगळ्यांचं म्हणणं आहे. ती स्लेजची कॉम्पिटिशन आहे ना? तिथून एक ट्रॉफी आणा, मी ग्रुपमध्ये बोलते. नाहीतर खलास."

"आणू," सर म्हणाले.

बर्फ सरांनी फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. तो शनिवार गेला असता तर त्यांच्या आठवड्यात काहीच उरलं नसतं. हे ते कधी बोलले नाहीत. मी सांगते आहे.

स्लेज ज्याने त्याने स्वतः बनवायची होती. इतरांच्या लाकडाच्या होत्या. आमची मुसफ्फ्याच्या कारखान्यात, कठड्याच्या नळ्यांची बनली. तिथला पॉलिशवाला मुन्ना मिस्त्री मन लावून काम करणारा. त्याने ती वरून चमकवलीच, खालूनही आरशासारखी केली. सरांनी विचारलं, "नीचे किसलिए, मुन्ना? नीचे कौन देखेगा?" तो म्हणाला, "आदत है साहब. होटल का माल समझ के कर दिया." सरांना ते फार आवडलं. त्यात काय वाढून ठेवलंय हे कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

स्पर्धेच्या सकाळी मॉल उघडायच्या आत आम्ही त्या डोंगरावर पोचलो. एकवीस पोरं, सर, देशमाने मॅडम आणि मी. आत गेल्याबरोबर नाकातलं पाणी गोठलं. पोरांना वेडच लागलं. बर्फ खाल्ला, एकमेकांच्या पाठीत घातला, तनूने खिशात भरून घेतला, आईला दाखवायला. सर स्वतः एकदा गुडघ्यांवर बसले, बर्फाला हात लावला आणि म्हणाले, "हं. भुसभुशीत आहे." गुडघे जांभळे झाले होते. सगळ्यांनी भाड्याच्या लांब विजारी चढवल्या. हे तेवढे चड्डीवर. "गणवेश म्हणजे गणवेश."

बाकीच्या पथकांनी स्लेजच्या खाली लावायला मेण आणलं होतं. आमच्या सरांनी खोबरेल तेलाची बाटली आणली होती. ती उपडी केली तर काहीच पडेना. पोरं घाबरली. त्यांनी जन्मात थिजलेलं तेल पाहिलं नव्हतं, इथे थंडी कुठली. "आजी, इट डाइड!" तनू म्हणाली.

"मेलं नाही गं, थिजलं. आमच्याकडे दर थंडीत थिजतं. बाटली काप आणि वडीसारखं घास."

तर तेल त्यांचं आणि घासायची अक्कल माझी. घासलं. आरशावर खोबरेल.

पहिले खेळ छान गेले. गाठींच्या खेळात आमची पोरं सगळ्यांच्या आधी. निरोप पोचवायच्या खेळात दुसरी. शेवटच्या खेळाआधी फळ्यावर आमचं नाव दुसरं होतं. लाल दाढीचा गोरा परीक्षक सरांजवळ येऊन म्हणाला, "यू विन धिस वन, कप इज युअर्स." सर देशमाने मॅडमकडे बघून नुसते हसले. मॅडमनी मोबाइल बाहेर काढला.

शेवटचा खेळ सुटकेचा. एका मोठ्या माणसाला जखमी समजून स्लेजवर बांधायचं आणि सहा जणांनी दोन दोऱ्यांनी धरून उतारावरून हळूहळू खाली लाल रेघेपर्यंत आणायचं. जखमी कोण होणार? देशमाने मॅडम म्हणाल्या, "माझी पाठ." मी तयार होते, पण सर म्हणाले, "आजी, तुम्हाला काही झालं तर तुमचा मुलगा मला लिफ्टमध्ये गाठेल." आणि स्वतःच आडवे झाले.

पोरांनी सरांच्या कुठल्याही गाठीने बांधलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांना जिंकायचं होतं. त्यांनी सगळ्यांत पक्की गाठ घेतली, मोळीची. माझी. सरांनी शिट्टी तोंडात धरली, वाटेत हुकूम द्यायला. जखमी माणसाने शिट्टी वाजवू नये असा नियम नव्हता.

परीक्षकाने हात खाली केला. पोरांनी दोरी जरा सैल सोडली. इतरांच्या स्लेज अशा वेळी कुरकुरत एक वीत सरकत. आमची दोन हात पुढे गेली, हिसक्यासरशी. सरांचा श्वास आखूड झाला. पीप, पीप, पीप.

वरच्या सहा जणांनी शिट्टी ऐकली आणि दोऱ्या सोडल्या. का? शिट्टी झाली की हातातलं टाकून यायचं. त्यांनी तेच केलं. स्लेजच्या मागे पळत सुटले, रांगेत यायला. खालचे पंधरा पुढ्यात येऊन उभे राहिले, ते मी आधी सांगितलंच.

सर सुटायला धडपडत होते, आणि जितके धडपडत तितकी गाठ आवळत होती. मी ते खालून बघत होते. ती गाठ किती आवळते हे तिथे फक्त मला माहीत होतं.

मग सर धडपडायचे थांबले. मला त्यांचं तोंड स्पष्ट दिसलं, कारण स्लेज तोपर्यंत निम्म्यावर आली होती. त्यांनी समोर ती पोरं पाहिली. ताठ उभी, त्यांच्याकडे बघणारी, पुढचा हुकूम काय म्हणून वाट बघणारी. शिट्टी बंद पडली. सरांनी श्वास धरला. घाबरलेल्या माणसाने एक मोठा श्वास भरून घेणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे. मी तीन बाळंतपणं घरी काढली आहेत. गाल फुगले. चष्मा उडून गेला. आणि एक लांब शिट्टी आली, अशी की छतावरून घुमली. मग दुसरी लांब. मग तिसरी.

चिमण्यांत खडा पडावा तशी पोरं पांगली. निम्मी डावीकडे, निम्मी उजवीकडे. मागून पळणारे सहाही जागच्या जागी फुटले. तनूच्या भाड्याच्या बुटांतला एक बर्फात रुतला होता. रेवाने तिला बुटातून उपसून काढली आणि काखेत मारून नेली. बूट तिथेच राहिला. स्लेज त्या बुटावरून गेली, लाल रेघ ओलांडली, तिच्यापुढचा भुसभुशीत ढीग ओलांडला आणि पलीकडे बसून घसरायच्या रबरी चकत्या रचून ठेवल्या होत्या त्यांत घुसली. चकत्या हवेत उडाल्या. एक देशमाने मॅडमच्या डोक्यात बसली. त्यांच्या शूटिंगमध्ये पुढे फक्त छत आहे आणि त्यांचा आवाज. तो काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

मग चकत्यांखालून एक आखूड शिट्टी आली. पोरं पळत जाऊन अर्धगोलात उभी राहिली.

परीक्षक चाकू काढून धावत आला. आतून सर ओरडले, "नो कटिंग! आजींना बोलवा!" तर मी गेले, साडी खोचून, त्या भाड्याच्या बुटांतून. सर कुशीवर पडलेले, चष्मा नाही, डोक्यावर बर्फ, एक मनगट वाकडं झालेलं.

"आजी, गाठ उत्तम आहे," ते म्हणाले.

"आता गप्प बसा. आधी गाठ." दोघा गोऱ्यांना खुणेने सांगितलं, यांना वर उचला. भार वर गेला, गाठ सैल पडली. परीक्षकाने ती पुन्हा बांधून दाखवायला लावली, दोनदा. त्यालाही आली नाही.

निकाल लागला. आम्हाला शून्य. परीक्षक म्हणाला, "द पेशंट अराइव्ड इन नाइन सेकंड्स. द रेस्क्यू टीम डिड नॉट." त्याच्या दाढीतून हसू बाहेर सांडत होतं, पण शून्य ते शून्य. चषक दुसऱ्यांनी नेला. सरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे एका हाताने मांडीवर वाजवल्या. मग देशमाने मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

"नाही आली," म्हणाले.

मॅडम डोक्यावरचं टेंगूळ चाचपत होत्या. त्यांनी अर्णवकडे बघितलं. तो बर्फ खात होता.

"सर, हा मुलगा मी जेवायला बोलावलं तर चार हाकांनी येतो. पाचवीला 'वेट' म्हणतो. मी आज त्याच्या नावाने जीव तोडून ओरडले. तो हलला नाही."

"हो. ते माझं चुकलं."

"नाही, ऐका ना. आणि तुम्ही फुंकलं, तर एका सेकंदात एकवीसच्या एकवीस..." त्यांनी नाक पुसलं. "हॉल राहू दे तुमच्याकडेच. ग्रुपमध्ये कोण काय बोलतो ते मी बघते. आणि मला ती शिट्टी शिकवा."

"कुठली? आखूड की लांब?"

"जेवायला बोलवायची."

सर हसायला लागले आणि त्यांना थांबताच येईना. मनगट दुखे, म्हणून हसता हसता कळवळत, आणि कळवळले म्हणून पुन्हा हसत. पोरंही हसू लागली. मीही.

त्यानंतर पथक तीन वर्षं चाललं, सरांची नोकरी संपेपर्यंत. मग ते चिपळूणला गेले. गेल्या वर्षी दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत, असं कळलं. मला त्यांचं शेवटचं नीट आठवतं ते मात्र विमानतळावरचं नाही. तिथे सगळेच निरोप घेताना वेड्यासारखं वागतात.

आठवतं ते त्या दिवशीचं, मॉलच्या गाडीतळावरचं. बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत घुसलं. स्लेजला लावलेलं खोबरेल वितळून सिमेंटवर ठिबकत होतं. सरांचा हात त्यांच्याच रुमालाच्या झोळीत. बसचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. सरांनी त्याला थांबवलं आणि पोरं मोजली. एकदा मोजली. मग पुन्हा मोजली, प्रत्येकाच्या डोक्यावर चांगला हात ठेवून. अर्णव म्हणाला, "सर, वी आर ऑल हिअर." सर म्हणाले, "असाल, असाल," आणि तिसऱ्यांदा मोजायला लागले. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

तिन्ही वेळा एकवीसच भरली. पथकातली एकवीस पोरं आणि हळबे सर, बावीसच्या बावीस जण त्या उतारावरून जिवंत घरी गेले.